वाट मावळची, वेळ परतीची

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. पिंपरीतील एका कारखान्यातून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे गृहस्थ मुलाला सोबत घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मधुमेह पंधरा वर्षांचा, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. त्या दिवशी तक्रार मात्र त्यांची नव्हती, मुलाची होती. "डॉक्टर, बाबांना आता तुम्हीच सांगा. बेडशाच्या लेण्यांवर जायचे म्हणतात. आमचे ऐकत नाहीत." बाबा मान खाली घालून बसले होते. पवन मावळातले त्यांचे गाव. लहानपणी त्याच डोंगराच्या उतारावर त्यांनी गुरे वळली होती. "एकदा जाऊन येतो, एवढेच म्हणतोय," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, पायांचे तळवे पाहिले नाहीत, खुर्चीतून उठून चार पावले चालायलाही सांगितले नाही. "काका, आता कशाला हा खटाटोप? घरीच थांबा, जपा," असे सांगून मोकळा झालो. मुलाचा चेहरा उजळला. दोन मिनिटांत निकाल लागला होता.

नऊ महिन्यांनी, ऐन श्रावणात, ते पुन्हा आले. वजन चार किलोंनी वाढले होते, तरी मांड्या बारीक दिसत होत्या. साखर वर गेली होती. उठताना त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि मग मुलाचा खांदा धरला. "जपतोय, डॉक्टर. तुम्ही सांगितले तसेच," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

वाचकहो, 'जपा' हा शब्द आम्ही डॉक्टर मंडळी फार सहज वापरतो. परंतु घरी बसणे हेही एक प्रकारचे औषधच आहे. त्याची मात्रा असते, मुदत असते आणि दुष्परिणामही असतात. मी ते औषध मात्रा न ठरवता, तपासणी न करता दिले होते. आजचा लेख त्या चुकीतून आला आहे. मावळातील लेणी व गड यांच्या वाटांविषयी, लोकल आणि एसटीने तेथे जाण्याविषयी आणि त्याहून अधिक, तेथून सुखरूप परत येण्याविषयी तो आहे.

बसून राहण्याची किंमत

वय वाढते तसे स्नायूंचे वस्तुमान आणि त्याहून वेगाने त्यांची ताकद कमी होत जाते. हालचाल थांबली की ही घसरण झपाट्याने होते. मांडीचे स्नायू दुबळे झाले की गुडघ्यावरचा भार वाढतो, तोल सांभाळणे अवघड होते आणि पडण्याची भीती वाटू लागते. भीतीमुळे माणूस आणखी बसतो. मधुमेही व्यक्तीत याचा परिणाम साखरेवरही दिसतो, कारण रक्तातील साखर वापरणारा शरीरातील सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे स्नायू.

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. त्याच्या जोडीला, आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात, असेही म्हटले आहे. बागेतल्या सपाट रस्त्यावरील फेऱ्यांनी पहिली गोष्ट साधते, दुसरी फारशी साधत नाही. खालीवर असलेली वाट, दगडी पायऱ्या, मध्येच वळणारी पायवाट यांवर चालताना मात्र घोटे, मांड्या, डोळे आणि कानातील तोलाचे इंद्रिय ही सारी एकत्र कामाला लागतात. डोंगराची वाट ज्येष्ठांसाठी उपयुक्त असते ती यामुळे; आणि ती काळजीपूर्वक निवडावी लागते तीही यामुळेच.

लोकलच्या वाटेवरचा मावळ

सह्याद्रीच्या कण्याला पूर्वेकडून टेकलेल्या नदीखोऱ्यांचा प्रदेश म्हणजे मावळ. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोऱ्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. शिवरायांचे मावळे आले ते अशाच बारा मावळांतून. त्याच्याही पूर्वी, सुमारे दोन हजार वर्षांमागे, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग या भागातून जात असे. भाजे, कार्ले आणि बेडसे ही बौद्ध लेणी त्या मार्गाच्या आसपासच्या डोंगरांत कोरली गेली. लेण्यांशेजारी पाण्याच्या पोढी खोदलेल्या दिसतात. चढून आलेल्याला प्रथम पाणी लागते, हे कोरणाऱ्यांना ठाऊक होते. (आज मात्र ते पाणी पिऊ नये.)

या प्रदेशाचे आपल्या दृष्टीने भाग्य असे की पुणे-लोणावळा लोकल त्याच्या मधोमध धावते. सुमारे ६४ किलोमीटरचा हा प्रवास सव्वा ते दीड तासाचा. देहूरोड, तळेगाव, कामशेत, मळवली या साध्या स्थानकांवर उतरले की डोंगर समोरच उभा असतो. मुंबईकडील वाचकांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी; पहिलेच स्थानक मळवली.

मोटारीपेक्षा लोकलने जाणे मी सुचवितो, त्यामागे वैद्यकीय कारण आहे. मोटार आपल्याला थेट पायथ्याशी नेते आणि दोन तास आखडलेले गुडघे एकदम पायऱ्यांना भिडतात. स्थानकापासून पायथ्यापर्यंतचे सपाट चालणे स्नायू आणि हृदय दोघांनाही तयार करते. दुसरे कारण सोबत येणाऱ्याचे. दिवसभर आईवडिलांना सांभाळून संध्याकाळी द्रुतगती मार्गावर गाडी हाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

लोकलच्या काही अडचणीही आहेत. तिच्यात स्वच्छतागृह नसते. मधल्या स्थानकांवर ती फार थोडा वेळ थांबते. म्हणून उतरायचे स्थानक येण्याआधीच दाराजवळ यावे, सोबतच्या व्यक्तीने प्रथम उतरून हात द्यावा. फलाट बदलताना रूळ कधीही ओलांडू नयेत. स्थानकावरील पादचारी पूल ही आपली पहिली चढाई समजावी. तोच चढताना छाती भरून आली, तर त्या दिवशीचा बेत तेथेच बदलणे शहाणपणाचे. दुपारच्या काही तासांत या मार्गावर गाड्या विरळ असतात. वेळापत्रक बदलत राहते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा पाहून त्या कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात.

एसटीने पुढचा टप्पा गाठणार असाल तर आधारकार्ड सोबत असू द्या. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना तिकीट निम्मे पडते.

चढत्या मात्रेने

रक्तदाबाची गोळी आम्ही लहान मात्रेने सुरू करतो आणि अंदाज घेत वाढवितो. चढाईचेही तसेच करावे. या मार्गावरील ठिकाणे त्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी देहूची. देहूरोड स्थानकावर उतरून बस किंवा रिक्षाने देहूला जावे आणि इंद्रायणीच्या काठाने सावकाश अर्धा-पाऊण तास चालावे. चढ नाही, बसायला जागा आहे, प्रसाधनगृह मिळते. हे जमले की देहूरोड व तळेगावच्या दरम्यान जुन्या महामार्गालगत असलेला घोरावडेश्वराचा डोंगर घ्यावा. वर कोरीव लेण्यांत शिवमंदिर आहे आणि तेथवर पायऱ्या आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी असते, तो दिवस टाळावा.

त्यानंतर भाजे. मळवली स्थानकापासून भाजे गाव दीड-दोन किलोमीटरवर आहे. गावातून लेण्यांकडे नीट बांधलेल्या पायऱ्या जातात. येथे २२ लेणी असून त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला असलेल्या लाकडी फासळ्या पाहण्यासाठी मान फार वेळ मागे टाकू नका. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना त्याने चक्कर येऊ शकते. खाली बसून, पाठ टेकून पाहावे. थोड्या अंतरावर दगडात घडविलेल्या लहानमोठ्या १४ स्तूपांचा समूह आहे. टोकाकडील विहारातील शिल्पांत वाद्य वाजविणारी स्त्री आणि तिच्यासमोर नाचणारी नर्तकी आवर्जून पाहावी. भाजे पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी डोंगराची सावली वाटेवर असते. उन्हाचा त्रास होणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय.

चौथे ठिकाण कार्ले. मळवलीहून किंवा लोणावळ्याहून रिक्षाने पायथ्याशी जाता येते. पायऱ्या भाज्यापेक्षा अधिक, परंतु दुतर्फा दुकाने असल्याने जागोजागी टेकायला मिळते. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. नवरात्र, चैत्रातील यात्रा आणि रविवार सोडून जावे. गर्दीत आपला वेग आपल्या हाती राहत नाही, आणि ज्येष्ठांना धोका असतो तो बहुधा तेथेच.

मग बेडसे. कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने एसटी किंवा रिक्षाने बेडसे गावाकडे जायचे. सुमारे चारशे पायऱ्या आहेत. वर दुकान नाही, गर्दी नाही, सावलीही थोडीच. लेणी पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट अंगावर येते; त्यामुळे पाणी आणि टोपी यांना पर्याय नाही. वर पोहोचल्यावर मात्र चैत्यगृहासमोरचे ते उंच स्तंभ, त्यांच्या शिरोभागी प्राण्यांवर स्वार झालेली स्त्रीपुरुषांची युगुले आणि शेजारी मागच्या बाजूस अर्धगोलाकार झालेला विहार पाहताना श्रम विसरायला होतात.

लोहगड सर्वांत शेवटी. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,०३३ मीटर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. मळवलीहून भाजेमार्गे लोहगडवाडीपर्यंतची वाट लांब आणि चढाची आहे. तेवढे अंतर वाहनाने जाऊन केवळ गडाच्या पायऱ्या चढणे यात कमीपणा मुळीच नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. मी माझ्या रुग्णांना सांगतो, प्रत्येक दरवाजा हा परत फिरण्याचा सन्माननीय मुक्काम आहे. विंचूकाट्याच्या चिंचोळ्या माचीवर मात्र तोल कच्चा असलेल्यांनी उतरू नये. ती वरून पाहावी.

एक गैरसमज येथेच दूर करतो. ही उंची विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही. त्यामुळे मावळात नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तिचा दोष हवेला देऊ नका. ती हृदय, फुप्फुस, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा सरावाचा अभाव यांपैकी कशाची तरी खूण असते. घरी आल्यावर तपासून घ्या.

निघण्यापूर्वीची तपासणी

घरच्या घरी करण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते कोणाला तरी मोजायला सांगा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांत १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांत १० पेक्षा कमी संख्या आली, तर पायांची ताकद कमी पडते आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे असे समजावे. माझ्या त्या रुग्णाची संख्या श्रावणात सहा होती.

संख्या कमी आली म्हणजे डोंगर कायमचा सुटला असे नाही. आधी तयारी करायची, एवढाच तिचा अर्थ. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीशी हात ठेवून एका पायावर उभे राहणे आणि इमारतीचा जिना. याला दोन-तीन महिने द्यावेत.

डॉक्टरांना कधी विचारायलाच हवे? छातीत दुखणे, चालताना भरून येणे, अचानक शुद्ध हरपणे यांपैकी काहीही कधी झाले असेल, हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी होऊन गेली असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, किंवा रक्तदाब वरचा १८० अथवा खालचा ११० च्या पुढे जात असेल, तर तपासणीशिवाय निघू नये. लघवी वाढविणारी गोळी अनेकांना असते. प्रवासात अडचण नको म्हणून ती परस्पर बंद करणारे मी पाहिले आहेत. तसे करू नका. त्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे विचारून घ्या.

मधुमेही वाचकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या असतील, तर चढाईत आणि त्या रात्रीही साखर उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, बसून राहावे आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. ती अजूनही कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी. रुग्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. दुसरी, हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड ही धोक्याची सूचना दबून जाते. अशा वेळी घामाकडे लक्ष ठेवावे. तिसरी गोष्ट पायांची. तळव्याची संवेदना कमी असेल तर बुटात गेलेला खडाही जाणवत नाही. नवे बूट घालून डोंगरावर जाऊ नये, अनवाणी चालू नये आणि घरी परतल्यावर तळवे आरशात पाहावेत.

आणखी एक, फारसे कोणी न बोलणारी बाब. अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव मंदावलेली असते, त्यात ही भर. मग चक्कर येते आणि दोष उन्हाला जातो. घरून निघताना आणि स्थानकावर गाडीत बसण्यापूर्वी जाऊन यावे, आणि पाणी घोटघोट का होईना पीत राहावे. सोबतच्या माणसांनी हा विषय स्वतः काढला तर आईवडिलांचा संकोच जातो.

वाटेवर आणि उतरणीवर

वेगाचे माप बोलण्यात आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबावे लागत असेल तर वेग जास्त झाला. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर, दम लागण्याची वाट न पाहता थांबावे. थांबण्याची सवय आधी लावली तर कोणाला त्यात हार वाटत नाही.

खरी कसोटी उतरताना लागते. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, आणि तो पेलणारे मांडीचे स्नायू तोवर थकलेले असतात. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. दोन नंबरांचा, म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखविणारा चष्मा असेल तर खालची पायरी पुसट दिसते. अशांनी केवळ दूरच्या नंबरचा चष्मा सोबत ठेवावा. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरावा. तरुणांचे गणित येथे लागू पडत नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, अकारण मळमळ यांपैकी काही झाले तर तेथेच बसावे, एक पाऊलही पुढे टाकू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात दुखण्याऐवजी केवळ धाप किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते.

ऋतूविषयी सांगायचे तर कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. मात्र कडाक्याच्या थंडीत पहाटे हृदयावर ताण येतो, म्हणून ऊन पडल्यावरच चढायला लागावे. पावसाळ्यात मावळ देखणा दिसतो, हे खरे. परंतु पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि मांडीचे हाड मोडायला एकच घसरण पुरते. ज्या भिक्षूंसाठी ही लेणी कोरली गेली, तेही पावसाळ्यात भ्रमण थांबवून एका जागी राहत. त्याला वर्षावास म्हणत. आपणही ते चार महिने घरातल्या जिन्यावर तयारीत घालवावेत.

सोबत जाणाऱ्यांसाठी

सोबत करणाऱ्याने पुढे चालू नये. चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, किंचित बाजूला राहावे. दंड पकडून ओढू नये, आपला हात पुढे करावा आणि त्यांना तो धरू द्यावा. औषधांची यादी, आजारांची नावे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद दोघांच्याही खिशात असावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातून निघतानाच परत फिरण्याची वेळ ठरवावी. परतीच्या गाडीच्या वेळेतून स्थानकापर्यंतचा वेळ वजा करा, उतरण्याचा वेळ वजा करा, अर्धा तास हाताशी ठेवा. जी वेळ उरते, त्या वेळी आपण कोठेही असू, वळायचे. लेणे दहा पायऱ्यांवर असले तरी वळायचे. ही वेळ वडीलधाऱ्यांनी स्वतः ठरवावी, म्हणजे ऐनवेळी मुलांना रागवावे लागत नाही आणि मोठ्यांना मन मारावे लागत नाही.

माझ्या त्या रुग्णाने श्रावणापासून घरच्या जिन्यावर सुरुवात केली. त्यांच्या हृदयाची तपासणी केली, एक गोळी बदलली, बूट बदलायला लावले. कार्तिकात ते मुलासोबत देहूला जाऊन आले, मार्गशीर्षात भाजे झाले. पौषात बापलेक बेडशाला गेले. निम्म्याहून अधिक पायऱ्या झाल्या आणि मुलाच्या मोबाइलचा गजर वाजला. वडिलांनी वर पाहिले, मग तेथेच एका पायरीवर बसून मुलाला बोटाने दाखविले: गुरे तिकडे सोडत असू, भाकरी त्या झाडाखाली खात असू. दहा मिनिटांनी दोघे उतरू लागले. ठरलेली लोकल त्यांना मिळाली.

माघात ते पुन्हा गेले आणि लेण्यापर्यंत पोहोचले. त्यानंतर नेहमीच्या तपासणीला आले तेव्हा वरच्या स्तंभांविषयी फारसे काही बोलले नाहीत. पौषातल्या त्या पायरीविषयीच बोलत राहिले. "मुलाला इतक्या वर्षांत ते रान मी कधी दाखवलेच नव्हते," म्हणाले. जाताना मी त्यांना खुर्चीची चाचणी पुन्हा करायला लावली. तीस सेकंदांत संख्या तेरा आली. मुलगा मोजत होता.

आपल्या घरातील कोणी ज्येष्ठ 'एकदा जाऊन येतो' म्हणत असतील, तर नाही म्हणण्याआधी त्यांना त्या खुर्चीवर बसवा आणि मोजा. संख्या कमी आली तर तयारीला लागा, पुरेशी आली तर डॉक्टरांना दाखवून लोकलचे वेळापत्रक काढा. परतीची गाडी आधी पाहा.